खालून दिसणारं घर

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार डाव्या हाताचा मानून घे; उजवा मनगटापर्यंत निळा झाला आहे.

पत्राला उशीर झाला, पण या वेळी कारण आळस नाही, हौस आहे. मी चित्रं काढायला शिकते आहे. तुझं हसून झालं की पुढे वाच. छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढून माझी अशी गत झाली आहे की जेवायला बसले तरी ताटात काय चुकलं ते आधी दिसतं. म्हणून म्हटलं, जिथे सगळ्या चुका आपल्याच असतील असं काहीतरी करावं. पोस्टामागच्या गल्लीत, व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी वर्ग असतो. खाली लोखंड आपटतं आणि वर आमचे हात दचकतात. शिकवणाऱ्या बाई पूर्वी नाटकांचे पडदे रंगवायच्या. बोलतातही तशाच, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा.

आम्ही पेस्टलने काढतो, आणि पेस्टल म्हणजे आपला शाळेतला तेलकट खडू नव्हे. कोरड्या रंगाची मऊ कांडी असते, ती खरखरीत कागदावर घासायची आणि बोटाने पसरायची. ब्रश नाही, पाणी नाही, आपण आणि धूळ. ती धूळ फुंकायची नसते, छातीत जाते. कागद लावलेली फळी उभी धरून मागून टिचकी मारायची. मी पहिल्याच दिवशी फुंकली आणि शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांचा शर्ट जांभळा केला. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

बाईंचा एक नियम आहे. फळं आणि फुलदाण्या आणायच्या नाहीत, घरात रोज जे चालतं तेच काढायचं, आणि कुणाला मुद्दाम बसवायचं नाही. मला आधी वाटलं, आमच्या घरात काढण्यासारखं आहे काय? तुझे मेहुणे चष्म्याच्या दुकानातून येतात आणि घरीही काचाच पुसत बसतात. खारू (तुझ्या भाचीचं हे नाव आता तिच्या मैत्रिणींनीही उचललं आहे) खाऊ लपवते आणि विसरते. शेवटी आई टेबलाशी मटार सोलत होती, तीच काढली. सोबत पाठवते आहे. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये आहे, वर बटर पेपर लावला आहे. तो हळू उचल, नाहीतर आईचं नाक तुझ्या बोटाला येईल.

आई बरी आहे. हे वाक्य लिहून थांबले, कारण ते पूर्ण खरं नाही. खाणं निम्म्यावर आलं आहे. डॉक्टर म्हणतात वय आहे. पण तिचं दुखणं वेगळंच आहे, ते तिने मला मागच्या आठवड्यात सांगितलं. तिला मधलीचा चेहरा आठवेनासा झाला आहे. मी तर तिला पाहिलंच नाही. ती चार वर्षांची होऊन तापात गेली आणि पुढच्या वर्षी मी झाले. फोटो काढायचा राहून गेला तो गेलाच. तू फोनवर आईला तिचं वर्णन सांगतेस, ते ती ऐकून घेते, पण शब्दांनी चेहरा होत नाही म्हणते. मरायच्या आधी एकदा दिसायला हवा होता, एवढंच म्हणाली आणि पुन्हा खिडकीकडे बघायला लागली. 

रागावलीस तरी चालेल, पण पत्र लांब लिही. लोभाचा हिशोब मी त्याच्या पानांवरून करते.

तुझी,
धाकटी

ता. १७ जानेवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आ. आशीर्वाद दोन्ही हातांनी देते आहे, माझे स्वच्छ आहेत.

हसले, पण थोडंच. लहानपणी तू काढलेली गाय बाबांनी पलंग समजून उलटी धरली होती, ते आठवून. मग चित्र उघडलं. आईच आहे गं. शेंग फोडताना अंगठा असा वाकडा तीच करते. मी शिलाईच्या टेबलासमोरच टाचून ठेवलं. शाळेच्या गणवेशांची घाई चालू आहे, कापडाच्या ढिगात मान वर करायला फुरसत नाही, पण केली की आई दिसते. आलेल्या गिऱ्हाइकांना मी बहिणीने काढलंय म्हणून सांगते, आणि त्या हो का म्हणून बाहीचं माप विचारतात.

एकच विचारायचं आहे. टेबलाची वरची बाजू चित्रात दिसतच नाही, पोट दिसतं. शेंगांची परात खालून दिसते, आईची हनुवटी खालून दिसते. तू काय जमिनीवर लोळून काढलंस? या वयात गारठा बाधेल. कंबर धरली तर शेकायला मी येणार नाही.

मधलीचं म्हणशील तर मला ती आठवते, पण मीही तेव्हा सात वर्षांची. आईला सांगते ते खरं सांगते की पुन्हा पुन्हा सांगून घोटलेलं, असं मलाच कधी कधी वाटतं. तिला दूध तरी दोन वेळा देत जा.

मेहुण्यांना म्हणावं, माझा चष्मा पुन्हा नाकावरून घसरतो. तुझ्या चित्रांइतकीच माझ्यावरची मायाही कागदावर पक्की बसू दे.

ताई

ता. २५ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिते आहे, तेव्हा अक्षर बरं दिसलं तर त्याचं कारण ते आहे.

मी खुर्चीवर बसून काढलं होतं. हे मी ठामपणे सांगू शकते, कारण ती खुर्ची डुगडुगते आणि त्या दिवशी मी तिच्या पायाखाली कागदाची घडी सारली होती. ती अजून तिथेच आहे. खुर्चीवरून टेबलाची वरची बाजूच दिसते. तुझं पत्र आल्यावर मी पुन्हा बसून पाहिलं. पोट दिसणं शक्यच नाही.

आता पुढचं सांगते, ते सांगावं की नाही यावर विचार करण्यात चार दिवस गेले. त्याच चित्राच्या माझ्याकडे राहिलेल्या कच्च्या रेखाटनात टेबलाच्या पोटावर एक करडा फराटा आहे. मला वाटलं, हात घासला असेल. तरी खात्री करावी म्हणून खाली वाकले. तिथे सुताराने पेन्सिलने बाण काढलेला आहे. टेबल घरात आल्यापासून मी त्याखाली कधी शिरले नव्हते. हो, कदाचित कधी काही पडलं असेल, ते उचलताना दिसला असेल, आणि लक्षात राहिला असेल. मी स्वतःला हेच सांगते आहे. पटत नाही, पण सांगते आहे.

शनिवारी बाईंनी माझी तीन चित्रं भिंतीला लावली, पहिलं म्हणजे आईचं ते कच्चं रेखाटनच. दुसऱ्यात तुझे मेहुणे बेसिनशी काचा धुताहेत, तिसऱ्यात खारू केस विंचरते आहे. बाईंनी एक दोरा घेतला, तो टेबलाच्या कडेवर, भिंतीवरच्या फळीच्या कडेवर, दाराच्या चौकटीवर ताणून धरला, आणि या सगळ्या रेषा जिथे जाऊन मिळतात तिथे बोट ठेवलं. बघणाऱ्याचे डोळे त्या पातळीवर असतात, असं त्यांनी वर्गाला समजावलं. माझं कौतुकच केलं. सगळे उभ्याने जग बघतात, या बाईंनी जमिनीवर बसून बघायचं धाडस केलं, म्हणाल्या. पोस्टमास्तरांनीही मान डोलावली.  कौतुक खोटं घेतलं याची टोचणी लागली आहे ती वेगळीच.

घरी फक्त मेहुण्यांना चित्रं दाखवली तेव्हा त्यांची तक्रार एवढीच की नाकातले केस काढायची काय गरज होती. मग त्यांनी मला दुकानात नेऊन खुर्चीत बसवलं आणि डोळे तपासले. जवळचा नंबर पाव वाढला आहे. पण पाव नंबराने माणूस टेबलाखाली जात नाही, असं म्हणाले आणि स्वतःच हसायचे थांबले.

अजून एक. पहिलं चित्र स्वयंपाकघराच्या दारातून दिसतं तसं आहे, दुसरं बोळातून, तिसरं आईच्या खोलीच्या उंबऱ्यावरून. मी मात्र तिन्ही वेळा बैठकीच्या खोलीत त्याच खुर्चीवर होते आणि मान वळवून बघत होते. बघणारं कोण असेल ते असो, ते आईच्या खोलीच्या दिशेने सरकतं आहे. हे वाक्य खोडावं असं वाटलं. खोडलं नाही, कारण तुझ्यापासून लपवलं तर ते माझ्या एकटीजवळ राहील.

लवकर लिही, आणि मला वेड लागलंय असं वाटत असेल तर मायेने लिही.

धाकटी

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आ. वेड लागलेल्यांना मी जास्त आशीर्वाद देते, तुला नेहमीचेच पाठवते आहे.

तुझ्या बाईंचा दोरा मीही लावून पाहिला. टाचलेल्या चित्रावर मशीनचाच धागा ताणला. मग माझ्या टेबलाशी खाली बसून पाहिलं. आपण मोठी माणसं मांडी घालून बसलो तर डोळे टेबलाच्या कडेशी येतात. तुझ्या चित्रात बघणाऱ्याचे डोळे त्याच्या बरेच खाली आहेत. मी मुलांचे कपडे शिवते. फ्रॉक बसल्यावर वर चढू नये म्हणून पोरांना खाली बसवूनही माप बघते. ही उंची माझ्या हाताला माहीत आहे. जमिनीवर बसलेल्या चार वर्षांच्या मुलाची आहे.

हे लिहून मी मशीनवरून उठले आणि घरभर उगाच फिरून आले.

मधली तशीच बसायची. आई काम करत असली की थोड्या अंतरावर फतकल मारून. काही मागायची नाही. नुसती बघत राहायची, इतकी की आई कधी कधी चिडायची, काय बघतेस म्हणून. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, तुला ठाऊक आहे. अंधारात जिना चढताना मी गाणी म्हणत नाही. पण आत्ता हे पत्र लिहिताना मी पाय वर घेऊन बसले आहे.

माझं ऐक. रंगांची पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेव आणि काही दिवस वर्गाला जाऊ नकोस. आणि काहीही झालं तरी ती चित्रं आईच्या नजरेला पडू देऊ नकोस. ती निम्मं तरी खाते आहे, ते असू दे.

माझं तुझ्यावर प्रेम आहे म्हणून दटावते आहे. ते दोन्ही एकत्रच ठेवून घे.

ताई

ता. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं, पण घटना पत्रापेक्षा पुढे गेल्या.

पेटी कपाटावर ठेवण्याआधी मला एकदा प्रामाणिकपणे चूक सुधारून बघायची होती. कागदावर आधी दोरा ताणला, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर टाचण्या लावल्या, पट्टीने रेषा मारल्या आणि त्या रेषांत आईला बसवलं. टेबल बरोबर आलं. खुर्ची बरोबर आली. आई मात्र दुकानातल्या कपड्याच्या पुतळ्यासारखी आली. बाईंनी बघितलं आणि हे कुणी काढलं, असं विचारलं. मी म्हटलं मीच. त्या म्हणाल्या, मग बाकीची कुणी काढली? त्यांनी थट्टेत विचारलं होतं. मी घरी येऊन तो कागद फाडला.

आणि सोमवारी दुपारी आईने चित्रं पाहिली. मी छापखान्यात होते. खारूने शाळेतून येऊन आजीला हौसेने दाखवली. तिला मी काही सांगितलंच नव्हतं, तेव्हा दोष तिचा नाही. घरी आले तर आईने सगळी पलंगावर ओळीने मांडली होती आणि चष्मा लावून एकेकावर वाकून बघत होती. इतकं खाली कोण बसतं, असं तिने मला विचारलं. मी बसते म्हणाले.  मला खोटं बोलता येत नाही हे तिला माझ्याहून आधीपासून माहीत आहे.

मग तिने एक गोष्ट दाखवली, जी बाईंच्या दोऱ्यालाही दिसली नव्हती. एकाही चित्रात कुणी बघणाऱ्याकडे बघत नाही. मेहुणे काचेकडे बघताहेत, खारू पाठमोरी आहे, कच्च्या रेखाटनातली ती स्वतः शेंगांकडे बघते आहे. आई म्हणाली, किती वेळ बसली असेल, कुणी मान वळवली नाही.

त्यानंतर तिने शांतपणे विचारलं की बघणारा चित्रात येत नाही का. मी सांगितलं, येत नाही, तो नेहमी बाहेरच राहतो. यावर तिने दोन दिवस विचार केला असावा. काल सकाळी दूध पूर्ण प्यायली आणि म्हणाली, आरसा ठेव. समोर आरसा ठेवला तर बघणारा त्यात दिसेलच ना.

ताई, ती थट्टा करत नाही. तिला तो चेहरा एकदा बघायचा आहे. ती आता पोटभर जेवते, कारण तिला अंगात ताकद हवी आहे म्हणते, बसून बघायला. मी नाही म्हटलं तर ती पुन्हा खिडकीकडे तोंड करेल. हो म्हटलं तर काय होईल, मला माहीत नाही.

तुला एकच विनंती. मधलीचा चेहरा कसा होता ते मला या पत्राच्या उत्तरात लिहू नकोस, आणि फोनवर आईलाही आता सांगू नकोस. मला अक्षरही कळलं तर माझा हात तेच काढेल आणि मी आईला फसवल्यासारखं होईल.

माया कमी करू नकोस, सल्ला हवा तेवढा कर.

धाकटी

ता. १८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आ. हे पत्र छोटं आहे, कारण सुई बोटात गेली आहे.

आरसा ठेवू नकोस, असं मला म्हणायचं आहे. माझ्या सासूबाई परदेशातल्या मुलाची वाट बघत वर्षभर अंथरुणावर होत्या. तो आला, त्याचा हात हातात घेतला, आणि संध्याकाळपर्यंत संपल्या. माणूस कशावर तरी तग धरून असतं. आईला चेहरा दिसला तर ती कशासाठी थांबेल? आपण दोघी आहोत, पण आपण तिला हव्या तेव्हा दिसू शकतो, आपल्यासाठी कुणी थांबत नाही.

मग वाटतं, तिने आयुष्यात आपल्याकडे मागितलं काय? हे पहिलंच. आणि मी इतक्या लांबून नको म्हणणारी कोण? तिच्याजवळ तू आहेस.

म्हणून नको म्हणते, आणि तू करशील हेही मला माहीत आहे. केलंस तर चित्र मला लगेच पाठव. चेहऱ्याबद्दल मी तोंड शिवून घेतलं आहे. ओळखणारी आता मी एकटीच उरले आहे, याचं ओझं तुला कल्पना येणार नाही इतकं आहे.

आईला माझ्या वाटचं जवळ घे, आणि तुझ्या वाटचं माझ्याकडून घे.

ताई

ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. सगळ्यात आधी हे लिहिते की आई ठीक आहे. आता बाकीचं निवांत वाच.

रविवारी दुपारी केलं. भरपूर उजेड होता, खारू मैत्रिणीकडे गेली होती. मेहुण्यांनी दुकानातला, गिऱ्हाईक चष्मा घालून बघतात तो पायांवर उभा राहणारा आरसा आणला आणि आईच्या खोलीत कपड्यांच्या पेटीवर ठेवला. कललेला राहू नये म्हणून मागे पुस्तक लावलं. मग ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. काचा पुसल्याचा आवाज येत नव्हता, त्यावरून कळत होतं की कान इकडेच आहेत.

आई पलंगाच्या कडेवर बसली. मी तिच्या मागे, भिंतीला खुर्ची लावून. आरशात मला आईचा चेहरा, तिच्या मागे माझ्या फळीची वरची कड आणि खिडकी दिसत होती. मी मुद्दाम मोजून मोजून बघितलं आणि जे दिसतं तेच काढायचं ठरवलं. करडा कागद घेतला. आधी अंधाऱ्या जागा, मग उजेड, बाई शिकवतात तसं. आईचे केस काढताना पांढरी कांडी मोडली.

आरशाच्या खालच्या कोपऱ्यात, आईच्या गुडघ्याशी, जमिनीचा तुकडा दिसत होता. तिथे फरशीचा रंग भरायला मी मातकट कांडी घेतली. पुढचं मी काढलं नाही असं म्हणणार नाही. माझ्याच हाताने काढलं, मला आठवतं, करंगळीने गालावरची सावली पुसली तेही आठवतं. फक्त मी तेव्हा आरशात बघत होते, आणि तिथे फरशी होती.

टिचकी मारायला फळी उचलली तेव्हा पहिल्यांदा सगळं एकदम पाहिलं. आईच्या गुडघ्याशी एक मूल बसलं आहे. मुलगीच असावी. केस कापलेले आहेत, कपाळ मोठं आहे, ओठ मिटलेले आहेत. घाबरवण्यासारखं काही नाही. तरी टिचकी न मारताच मी फळी आईपुढे धरली.

आईने फळी मांडीवर घेतली. किती वेळ बघत होती सांगता येणार नाही, उन्ह खिडकीतून सरकलं एवढं लक्षात आहे. मी विचारलं नाही. ती रडली नाही. शेवटी हीच का एवढी बसायची, असं स्वतःशीच म्हणाली आणि फळी परत दिली. रात्री नीट जेवली. सकाळी उठली, केस धुतले. आज चौथा दिवस आहे, ती आहे आणि बरी आहे. ती बाहेरच्या खोलीतही येऊन बसते आहे. तुझ्या सासूबाईंसारखं काही झालं नाही.

चित्र तुझ्याकडे पाठवते. आता तू सांग. सांगताना माझा विचार करू नकोस, जे असेल ते लिही.

मी वाट बघते आहे, तेव्हा टपालाआधी तुझी माया पोचू दे.

धाकटी

ता. ५ मार्च

चि. धाकटीस,

अ. उ. आ. खाली बसून वाच.

पाकीट उघडलं. बटर पेपर उचलला तर त्यावर सगळ्याचा पुसट ठसा उमटला होता, आईच्या केसांचा, खिडकीचा, आरशाच्या कडेचा. प्रवासात घासलं असणार. चेहऱ्याच्या जागी मात्र तो कोरा होता. जणू त्याला काही लागलंच नाही.

ही मधली नाही.

मी आठवणीवर शंका घेते, हे तुला लिहिलं होतं. म्हणून दोन दिवस थांबले, उजेड बदलून पाहिलं, चष्मा बदलून पाहिला. मधलीचा चेहरा गोल होता, भुवया जुळलेल्या, आणि डावी भुवई कपाटाच्या खणाची कड लागून मधे तुटलेली होती. तिचे केस आईने कधी कापू दिले नाहीत. ही लांबट चेहऱ्याची आहे. आपल्या घरातल्या कुणासारखी नाही, ना बाबांकडची, ना आईकडची. मी या मुलीला कधी पाहिलेलं नाही. ही कोण आहे गं?

मला वाटलं होतं, मधली निघाली तर भीती वाटेल. आता कळतं की तिची भीती वाटली नसती.

मेहुण्यांना इमारतीत चौकशी करायला सांग, आधी तिथे कोण राहत होतं. आणि आईला हे सांगायचं की नाही ते तूच ठरव. ती समाधानात असेल तर मी काही बोलणार नाही, जन्मभर नाही. पण मला वाटतं, आईला मी माझ्याकडे घेऊन यावं. तिकीट कधीचं काढू ते कळव.

दाराला कडी लाव, आणि मला विसरू नकोस.

ताई

ता. १३ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तिकीट काढू नकोस. का ते सांगते.

मेहुण्यांनी वरपासून खालपर्यंत सगळ्यांना विचारलं. आधी इथे एक टंकलेखक राहत होते, एकटेच. त्यांच्याआधीचं कुणाला माहीत नाही. मुलगी कुणाच्याच आठवणीत नाही. घरमालकांना तर आमचंही नाव दर वेळी सांगावं लागतं.

आईला सांगायचं की नाही यावर मी बरेच दिवस घालवले. न सांगणं ही दया आहे की सोय, हे मला ठरवता येईना. शेवटी तुझं पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते वाचलं, घडी घातली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी शाळेतून उत्तरपत्रिका लपवून आणली आहे. मग जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत ते बिघडेल.

“माझी नाही ती. एवढं कळायला चेहरा आठवावा लागतो का? चित्रात बघितलं तेव्हाच कळलं. पण कुणाची तरी आहे ना. इतके दिवस खाली बसली आहे आणि घरात एक माणूस तिच्याकडे बघत नाही. माझीही कुठेतरी अशीच बसली असेल, कुणाच्या तरी घरात. त्या लोकांनी बघावं असं मला वाटतं, मग मी नको बघू?”

मी म्हटलं, ताई तुला न्यायला येते म्हणते. ती म्हणाली, हिला टाकून कशी जाऊ. आणि लगेच तुझ्यासाठी निरोप दिला, तुला यायचं असेल तर ये, माणसं जास्त झाली तर बरंच आहे.

मधलीचा चेहरा तिला अजून आठवत नाही. पण आता ती त्यासाठी खिडकीकडे बघत बसत नाही. जेवताना, वाचताना, खारूची वेणी घालताना मधेच थांबते आणि खाली, आपल्या उजव्या बाजूला बघते. हसत नाही, बोलत नाही, नुसती बघते आणि पुन्हा कामाला लागते. खारूलाही सवय लागली आहे. परवा तिने लपवलेला खाऊ विसरण्याऐवजी टेबलाखाली ठेवला आणि कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं की तो तिने ठेवला नाही. मेहुणे म्हणतात घरात सगळ्यांचे नंबर वाढले आहेत. पण तेही काच पुसताना एकदा खाली बघतात, मी पाहिलं आहे.

मीच तेवढी राहिले होते. मला जमत नव्हतं. भीती वाटत होती, हे एक. आणि नसलेल्याकडे बघणं खोटेपणाचं वाटत होतं, हे दुसरं. आईने मला आग्रह केला नाही, फक्त एकदा म्हणाली की कामातून डोकं वर काढतेस, तसं कधी खालीही घालून बघ.

काल संध्याकाळी आई खुर्चीत डुलकी घेत होती, तिचं चित्र काढायला बसले. पूर्ण झाल्यावर टिचकी मारली आणि पाहिलं. आई त्यात नव्हती. बघणारं आईच्या मांडीवर चढून बसलं होतं, म्हणून आई दिसत नव्हती, तिचे फक्त दोन हात दिसत होते, समोर गुंफलेले. आणि समोर मी होते. फळीवर वाकलेली, कपाळाला रंग लागलेला, केस सुटलेले. ताई, माझं चित्र आजवर कुणी काढलेलं नाही. चांगलं आलं आहे, नाक जरा मोठं आहे, पण ते आहेच. फक्त चित्र काढताना मी सगळा वेळ कागदाकडे बघत होते, मेहुणे साक्षीला आहेत. चित्रातली मी मात्र मान वर करून समोर बघते आहे, सरळ, आणि माझ्या तोंडावर भीती नाही.

हे चित्र मी पाठवणार नाही. ते तिचं आहे असं मला वाटतं, आणि तिला न विचारता पाठवणं बरं नाही.

हे पत्र टेबलाशी बसून लिहिते आहे. लिहिताना मधे दोनदा थांबून खाली पाहिलं. कुणी दिसलं नाही. तरी पाहिलं.

तू ये. लोभ इथे आहेच, तू आलीस तर जरा सरकून तुझ्यासाठीही जागा करू.

तुझी,
धाकटी